मिनूच्या पिकअपची ताडपत्री

६ फेब्रुवारी, मंगळवार
अवेळी पाऊस. मिनू दुपारी बरुआसागरहून आल्याच्या गोण्या घेऊन परत आली. पिकअपवरची ताडपत्री मधेच झोळीसारखी लोंबते, तिथे पाणी साचलं आणि सगळं आत. मंडीतल्या आडत्याने भिजल्या गोण्या उतरवूनच घेतल्या नाहीत. पोरगी वरच्या खोलीत आलं पसरत बसली. मी जुनी लुगडी दिली पुसायला.
हे दारात उभे राहून बघत होते. मग आत गेले. ग्वाल्हेरचं सासर सोडून आल्यावर तिने ही जुनी गाडी घेतली, स्वतः चालवते. तेव्हापासून ह्यांनी गाडीचं नावसुद्धा काढलेलं नाही. जन्म गेला रेल्वेच्या वॅगन कारखान्यात, फिटर म्हणून, आणि दारातली गाडी म्हणजे जणू दुसऱ्याची.

७ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी दूध घ्यायला बाहेर गेले तर हे पिकअपच्या हौद्यात चढलेले. हातात सुतळी. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धरून बघताहेत. मी हाक मारली नाही. मारली असती तर उतरले असते.
मिनू चहा घेऊन गेली. तिला एवढंच म्हणाले की ताडपत्री चांगली आहे, तिच्या खालच्या लोखंडी कमानी तिरक्या झाल्यात, मागची तर पुढे झुकलीय. म्हणून कापड सैल पडतं.
उजवा हात थरथरतो त्यांचा, पाना धरवत नाही. तिने न विचारताच पाना घेतला. दिवसभर खालून एकच ऐकू येत होतं, "अर्धा फेरा. बस. थोडा और." शेजारचे तिवारीजी गंमत बघायला आले होते, ह्यांनी त्यांना सुतळीचं दुसरं टोक धरायला लावलं.

८ गुरु.
कमानी सरळ झाल्या. आता नवीनच. कमान मागे गेली तशी ताडपत्री मागे वीतभर अपुरी. मिनूला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "बाबा, आता काय, फ्रॉकला झालर लावायची?"
हे माळ्यावरून आपला होल्डॉल काढून घेऊन आले. कारखान्यातून लाइनवर ड्यूटीला पाठवायचे तेव्हाचा, अंथरूण गुंडाळून न्यायचा, जाड कॅनव्हासचा. मला हात लावू देत नसत त्याला. स्वतः कात्री चालवली. कापलं वाकडंच.
मशीनची सुई मोडली. मग मी दाभण घेऊन हाताने शिवायला बसले, मिनू मेण लावून दोरा देत होती. बोटं सुजलीत. बरं वाटलं पण.

१० शनि.
आज पाण्याची परीक्षा. कुठून गळतं ते आत बसल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून हे स्वतः हौद्यात शिरले, टॉर्च घेऊन. ह्या वयात! स्वेटर घाला म्हटलं, घातलं नाही. मिनू वरून बादल्या ओतत होती. आतून आवाज, "इथे कोरडं. पुढे ओत."
मग आतूनच म्हणाले, "मिनू, इथेच राहणार असशील तर मधे एक आडवा पाइप लावू. कायमचं काम होईल."
ती बादली धरून उभीच. म्हणाली, "आणि गेले तर?"
"तरी लावू. गाडी तुझी आहे."
समोरासमोर हे बोलणं त्यांना जमलं नसतं. मिनूने पुढची बादली फार हळू ओतली.
संध्याकाळी ग्वाल्हेरहून फोन. उद्या तिचे सासरे आणि दीर येताहेत, न्यायला. जावई नाही. मिनू फोन ठेवून भाजी चिरायला बसली.

११ फेब्रु., रविवार
पहाटे बरुआसागरच्या शेतकऱ्याचा निरोप, आलं काढलंय, आजच न्या. मिनूने चाभी उचलली. मी म्हटलं, अगं, पाहुणे. ती ह्यांच्याकडे बघायला लागली. हे टोपी घालून तयारच होते. त्या गाडीतून कधी कुठे गेले नव्हते, सरळ पुढे तिच्या शेजारी जाऊन बसले. मला म्हणाले, येऊ देत त्यांना, बसव. वाटेत बोलू आम्ही.
पाहुणे अकराच्या सुमारास आले. माणसं वाईट नाहीत. सासरे सारखे दाराकडे बघताहेत. विचारलं, "बेटी कब तक आएगी?" म्हटलं, पिताजी के साथ गई है, माल उतारकर ही आएगी.
काय बोलले असतील दोघं वाटेत. मिनू जाते म्हणाली तर ह्यांना कसं होईल, आणि राहते म्हणाली तर समोर बसलेल्या ह्या म्हाताऱ्या सासऱ्यांना मी काय सांगू.
आभाळ भरून आलंय. कुकर पाच जणांचा लावलाय.