अकराव्या दिवसाची सकाळ

कोरेगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. जयराज यास,

आशीर्वाद. घ्यायचा की परत पाठवायचा, ते पत्र वाचून झाल्यावर ठरव.

आधी एक गंभीर तक्रार. आमच्या पतसंस्थेने यंदा दिनदर्शिकेतल्या चौकटी निम्म्या केल्या. उरलेल्या जागेत चेअरमन हसतायत, दर महिन्याला नव्या फेट्यात. तिथी मावते, नक्षत्र मावतं, चेअरमनच्या नातवाचा वाढदिवस मावतो. पण राणीमाशी किती वाजता बाहेर आली हे लिहायला गरीब मधपाळाला बोटभर जागा नाही. अन्याय गिळून मी शंभर पानी वही आणली.

बाकी ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आता तिच्यापेक्षा जास्त बोलतो. चारुशीला डबा देते, की अजून कॅन्टीनच्या वड्यावरच आहेस?

वही कशाला, विचारशील. यंदा दोन वाणांच्या राण्या शेजारी शेजारी काढल्या. एक आपला जुना, सभ्य आणि सुस्त. दुसरा संकर: आई जुन्यातली, नर तू आणलेल्या पंजाबी वाणाचे. एकाच वयाच्या अळ्या एकाच दिवशी उचलून राणीघरांत ठेवल्या. पेटी एक, ऊब एक, फक्त यंदा प्रत्येक राणीघराला वेगळी जाळी. जुन्या वाणाच्या राण्या बाराव्या दिवशी दुपारी बाहेर आल्या. संकरातल्या निम्म्याहून जास्त अकराव्या दिवशी सकाळी, माझा चहा व्हायच्या आत.

सगळ्या नव्हेत, कारण आई एक आणि बाप दहा-पंधरा. ज्या बापाचं रक्त घाईचं, त्याच्या लेकी आधी. आणि जी आधी बाहेर पडते ती उरलेल्या बहिणींना घरातच डंख मारून संपवते. अर्ध्या दिवसात गादीचा निकाल. आपल्या तालुक्यातल्या घराण्यांना यासाठी तीन निवडणुका लागतात.

हे तू आठ वर्षांपूर्वीच सांगितलं होतंस. "दादा, ह्या लवकर फुटत्यात. धाव्या दिवशीच येगळ्या करा." मी म्हणालो होतो, "त्यांना काय सकाळची एस.टी. गाठायचीय व्हय?"

त्या खेपेला मी अकराव्या दिवशी दुपारी झाकण उघडलं. एक राणी फिरत होती, बाकी एकोणीस राणीघरं बाजूने कुरतडलेली. बाहेर आपल्या मधपाळ गटातली माणसं राण्या न्यायला बसलेली. मी त्यांना सांगितलं, "जयराजचा हात कच्चा. मोठ्या अळ्या उचलल्या, म्हणून आधी फुटल्या." तू माझ्याकडे बघितलंस आणि धाकटेपणाने कुरतडलेली घरं गोळा करायला लागलास. पुन्हा कुणी तुला अळ्या उचलायला बोलावलं नाही. तू पेट्या मला विकून कुपवाडला कारखान्यात लेथवर उभा राहिलास. कुणी विचारलं तर मी सांगतो, त्याला शहराची ओढ. सरावाने आता फार छान सांगतो.

परवा लोणंदला गटाची बैठक झाली. या संकराला माझं नाव द्यायचं म्हणून हारसुद्धा आणला होता. मी वही वाचून दाखवली. मग म्हणालो, "तवाच्या अळ्या बरोबर वयाच्या होत्या. दिवस मी चुकवला आणि नाव जयराजचं घेतलं."

गटातला तानाजी म्हणाला, "मग आठ वर्सं तोंडात मध धरून बसला हुतास व्हय रं?"

मी उत्तरादाखल काही विनोदी शोधत होतो. सापडलं नाही. म्हटलं, "व्हय."

तानाजीने हार उचलून परत गाडीत ठेवला. समजूतदार माणूस.

वाण तुझ्या नावाने नोंदला आहे. पुढच्या खेपेच्या अळ्या तुझ्याच हाताने उचलाव्यात असं सगळ्यांचं म्हणणं. रविवारी सुट्टी असते ना? नाही आलास तरी नाव बदलणार नाही.

राहता राहिलं एक. अळ्या उचलणाऱ्याला खेपेतली एक राणी द्यायची, ही आपल्या गटाची रीत. त्या खेपेत एकच वाचली होती, ती मी माझ्या पेटीत घातली. ती तुझी होती. हे पत्र ज्या पेटीला बांधून टेम्पोने पाठवलंय, तिच्यात त्याच वंशातली राणी आहे, अंडी घालायला लागलेली. तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका लावलेला नाही. तो मालकाने लावायचा.

अजून दादा म्हणत असशील तर, तुझा
लालादादा