पूजा झालेल्या फिल्म

बुधवार, रात्र

आज आईने फिल्मचा डबा भर उन्हात अंगणात उघडला. नवी वस्तू म्हणून पोस्टकार्डाएवढ्या प्रत्येक सुट्या फिल्मला हळदीकुंकू लावलं. अजून धुवायच्या होत्या त्या. सोलापुरात धुणारं कुणी नाही, पुण्याला पाठवणार होते. मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले अप्पांचे, मेंढरांसोबतचे चारही फोटो गेले. उजेड लागला की संपलं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. एवढं शिकून काय केलं? मेंढरं तर रविवारी विकली. मोबाईलवर एकही काढला नाही, माझाच हट्ट. आणि तो कुंकवाचा ठिपका, प्रत्येकीवर अगदी मधोमध.

जेवताना अप्पांनी विचारलं, "फोटू कधी येणार गं?"

"येतील की, पूजा केलीय म्या," आई म्हणाली.

मी म्हणाले, "आठ दिवसांनी."