वरच्या खोलीतली पावलं

९ नोव्हेंबर, दुपार

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. गुडघ्याला तेल लावता ना, की पुन्हा 'उद्यापासून' चाललंय? मी बरी आहे. मोरीतला गळका नळ एकदाचा बदलून घेतला. दुपारी वाचत बसते. तुमच्या भावानं बायंडिंगला आणलेल्या पुस्तकांची वाया गेलेली पानं जुळवत मी वाचायला शिकले. म्हणून अजूनही पुस्तक हातात आलं की शेवटची पानं जागेवर आहेत ना, हे आधी बघते.

महिनाअखेर वरच्या खोलीला भाडेकरू मिळाला नाही तर घर विकायचं आणि मी तुमच्याकडे राहायला यायचं, असं तुम्ही लिहिलंत. अर्धं घर तुमचं आहे, आणि बोलावताय ते मायेनंच. पण वन्सं, मला इथून हलवत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की येणारी माणसं धड नाहीत. तसं नव्हतं. ते मास्तर सालस होते. बँकेतलं नवराबायकोचं जोडपं तर चपला हातात घेऊन जिना चढलं. मीच त्यांना परत पाठवलं.

कोणी खोली बघायला आलं की मी म्हणायची, "जरा खिडकीपर्यंत चालून बघा, फरशी कुठे वाजते ते कळेल." आणि खाली स्वयंपाकघरात येऊन, गॅस बंद करून, वर कान लावून उभी राहायची. परवा दलाल वैतागला. "काकू, लोक घर बघायला येतात आणि तुम्ही त्यांचे पाय बघता! मी काय शर्यतीचे घोडे आणतोय?"

"आणलास तरी चालतील," मी म्हटलं, "पण हळू चालणारे आण."

तो हसला. मी हसले नाही.

तुम्हाला ह्यांची चाल आठवत असेल. टेबलापासून खिडकीपर्यंत जायचे, थांबायचे, मग डावा पाय किंचित ओढत परत. इतकी वर्षं त्या आवाजाखाली मी पोळ्या लाटल्या. हे जाऊन वर्ष होत आलं, पण वर कोणी तसं चाललं असतं तर मी त्याला खोली फुकट दिली असती. घर राखायचं म्हणत होते आणि माझ्याच हातानं घालवत होते.

मग ती शिवणकाम करणारी बाई आली. चालून बघा म्हटलं, तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काकू, मी कुठे चालणार? दिवसभर मशीनवर असते. आवाज होईल तो तिचाच. आधीच्या मालकांनी त्यावरूनच काढलं. आत्ताच सांगते, मागाहून कटकट नको."

"आणि रात्री?"

"रात्री मेल्यासारखी झोपते," म्हणाली आणि माझ्या कपाळाकडे बघून तिनं जीभ चावली.

मला हसू फुटलं. मग तिलाही. दोघी जिन्यातच बसलो.

किल्ली तिला दिली. काल सामान आलं. दलालानं मशीन चढवताना मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "सुटलो बुवा!" तेव्हा घर विकायचं नाही, वन्सं. तुमचा हिस्सा दर महिन्याला पोचेल.

हे लिहिताना वर मशीन चालू आहे. सलग धावते, दोरा तोडण्यापुरती थांबते, पुन्हा धावते. सकाळी तिनं पहिल्यांदा सुरू केली तेव्हा मी पोळी तव्यावर टाकून तशीच उभी राहिले. त्या आवाजात ह्यांना शोधायला कुठेच जागा नाही. पोळी करपली. दुसरी केली आणि जेवले.

हे गेल्यावरही मी पत्राखाली 'आम्हा दोघांचा नमस्कार' लिहीत राहिले, आणि तुम्ही एकदाही टोकलं नाहीत. ते उपकार मी विसरणार नाही.

आज माझा एकटीचा नमस्कार घ्या.

तुमची भावजय