सवय मोडणारी खोली

१२ एप्रिल
आलो बुवा एकदाचा शिक्रापूरला. दौंडहून रोज ये-जा करून कंबरडं मोडलं होतं. खोली कंपनीच्या जवळच आहे. ओटा आहे, मोरी आहे, पंखा कुरकुरत नाही. अजून काय पाहिजे माणसाला? घरमालकीण भामाबाई तोंडानं फटकळ, पण आल्या आल्या भाकरी आणि गवारीची भाजी दिली. त्यांचे मालक बापूसाहेब अंगणात खुर्चीवर बसून असतात. मी सलाम केला, तर बघितलंसुद्धा नाही.

ही वही म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं डोकं. एलिया, तंबाखू सोडायची तर रोज चार ओळी लिहायची सवय लाव, म्हणाले. बायकोनं, कृपानं, वेगळाच दम भरलाय. सुट्टीत ती फेथला घेऊन येणार, आणि खिशात पुडी दिसली तर उलट्या पावली माघारी. फेथ सहा वर्षांची झाली तरी अंगठा चोखते. बाप तसा, लेक तशी.

१५ एप्रिल
तंबाखू सुटली. सोडली म्हणवत नाही, आपोआप सुटली. पुडी खिशातच आहे, हात जात नाही. इतकी वर्षं उगाच झक मारली. भामाबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, व्हय, त्या खोलीत सवय टिकत न्हाई, आमच्या मालकांची दारू तिथंच सुटली. मी म्हटलं, मग भाडं वाढवा की. त्या हसल्या नाहीत.

२० एप्रिल
सकाळचा चहा राहिला. आठवण होती, पण पातेल्याकडे हात गेला नाही. जेवण झाल्यावर लक्षात आलं, की प्रार्थना न करताच जेवलो. असं जन्मात झालं नव्हतं. लहानपणी प्रार्थनेआधी घास उचलला, की आई हातावर चापट मारायची. वाईट वाटायला पाहिजे होतं. फारसं वाटलं नाही.

२६ एप्रिल
कृपाचा फोन आला. मी फोन करत नाही म्हणून चिडलीय. फेथनं फोनवर पप्पा म्हटल्याशिवाय मला जेवण जात नव्हतं. ते कधी बंद पडलं, कळलंच नाही.

आज बापूसाहेबांचं जेवण बघितलं. भामाबाई घास भरवतात आणि म्हणतात, गिळा. म्हटलं नाही, तर घास तोंडात तसाच. विचारलं, तर म्हणाल्या, दारू गेली तवा लई बरं वाटलं, मग एकेक करून समदंच गेलं. आधी काय ठावं हुतं? मालकांना त्या खोलीतनं भाईर आणलं, तरी गेलेलं माघारी आलं न्हाई.

मी भ्यालो. खोली सोडायची. कृपाला सांगायचं, येऊ नका. उद्या सकाळीच फोन करतो.

३० एप्रिल
फोन केला नाही. भ्यालो होतो ते आठवतंय, पण आता भीती वाटत नाही. बॅग भरायला पाहिजे. पाहिजे —

३ मे
दोघी आल्या. फेथनं पळत येऊन मिठी मारली. माझे हात लोंबतच राहिले. कृपाला सगळं सांगायचं होतं. मग जेवलो, सांगायचं राहिलं. तंबाखू सुटली म्हणून तिनं देवाचे आभार मानले.

५ मे
फेथचा अंगठा सुटला. कृपानं भामाबाईंना पेढा दिला. त्यांनी तो हातातच धरला. म्हणाल्या, लेकराच्या सवयी असत्यात किती, झटक्यात संपत्यात, पोरीला आजच न्या. कृपाला वाटलं, म्हातारीला आपला राग आला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पेढा खात राहिलो.

६ मे
सकाळपासून फेथ पप्पा म्हणाली नाही. मम्मी पण नाही. घास तोंडात तसाच — कृपा म्हणाली, गिळ. मग गिळला.

७ मे, दुपार
श्वास ही पण सवयच की.

सांगितलं की घेते. कृपा रडत सांगतेय, घे बाळा, घे. की फेथ घेते.

कृपा रिक्षा आणायला रस्त्यावर पळालीय. बजावून गेलीय, अहो, थांबू नका, सांगत राहा —

सांगतोय. घे. घे.

लिहायची सवय तेवढी राहिलीय. मघाशी घे म्हणालो होतो. फेथ माझ्याकडे बघतेय. वाट बघतेय. म्हणायला पाहिजे. आता —