कड्यावरची भेग

गुरुवार, संध्याकाळ

कडा पुढे सरकला आहे. मोजणी पथकाच्या भूवैज्ञानिक बाईंनी आत्ताच फोनवर पक्कं सांगितलं. ड्रोनवरून लेसरने धारूरच्या डोंगराची मोजणी गेल्या वर्षी झाली, यंदा पुन्हा झाली. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, तर वस्तीच्या डोक्यावरचा भाग दरीकडे कललेला दिसतो. त्याच्या खालीच शांताचं घर. माझी धाकटी बहीण.

पेपरासाठीची बातमी अर्धवट ठेवली. आधी तिला फोन लावला.

"दादा, तुमच्या त्या भिंगरीला वरून दिसलं, अन् आमी रोज जातो तर आमाला न्हाई व्हय?" ती हसली. "कड्यावरची भेग तर लई जुनी हाय. शेरडांचे पाय अडकत्यात म्हणून आमी दर साली मुरूम भरतो. आता दिसत बी न्हाई."

दर साली भरतात. म्हणजे दर साली ती रुंदावते, आणि हेच लोक तिला झाकून टाकतात. मग कुणाला कशी दिसणार?

खूप विनवल्यावर आज रात्री कड्यापासून लांबच्या शाळेत झोपायला ती तयार झाली. शेरडं सोडून दाजी हलणार नाहीत, म्हणून शेरडंही शाळेत. एवढं ऐकलं, हेच खूप. पण बोलता बोलता म्हणाली, "सकाळी मात्र ह्यांना वर जायचंय. यंदाचा मुरूम भरायचा राहिलाय."

नको म्हणेपर्यंत रेंज गेली. पुन्हा लागत नाही.

उजाडताच दाजी मुरमाची पाटी घेऊन कड्यावर चढतील. त्यांच्या आधी मला पोचायचं आहे.