आचलचा वाडगा

रोहणा,
२८ जुलै २०२५

चि. आचलले आईचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मले निम्मं आयकू येत नाई, अन् तू 'बरी आहो' म्हणून पटकन ठेवून देते. म्हणून एसटीनं पाठवलेल्या पिशवीत ही चिठ्ठी टाकून राह्यली.

तुही कावीळ उतरली, पण बाबाच्या डोक्यातून उतरत नाई. पोळ्यापर्यंत पोरगी पुन्हा सुकलेली दिसली तर वर्ध्याहून सरळ घरी आणतो म्हणतात, कॉलेज पुरे. भूपेंद्रमामा तर आर्वीचं स्थळ खिशातच घेऊन फिरून राह्यला. मले तुले शिकवायचं आहे व बाई, पण मलेही भेव लागते. मेसची तेलकट तर्री डॉक्टरनं बंद केली, मग तू खाते तरी काय? खरं लिहिजो.

माया आहेच, पण भूक मारू नको.
तुही आई

वर्धा,
१ ऑगस्ट

ती. सौ. आईस आचलचा साष्टांग नमस्कार.

अवं आई, उपाशी नाही मी! सकाळी ओट्स करते. पोह्यासारखं चपटं केलेलं धान्य असतं ते. होस्टेलच्या आमच्या मजल्यावर मायक्रोवेव्ह आहे. मूठभर ओट्स, थोडं पाणी, थोडं दूध, चिमूटभर मीठ; दोन मिनिटं गरम करायचं, पण मध्येच थांबवून ढवळायचं. वरून केळं कुस्करायचं, तू दिलेला गूळ घालायचा. पोटाला हलकं, तेलाचा थेंब नाही. पहिल्या दिवशी ढवळलं नाही, तर सगळं दूध उतू गेलं. माझ्या खोलीतल्या सपनानं माझ्याकडूनच पुसून घेतलं.

वाटी मात्र तिचीच आहे, काचेची. तिचं खाऊन होईपर्यंत मी ताटकळते आणि तासाला उशीर होतो. एक खोलगट वाडगा पाठव ना.

बाबांना नमस्कार. रागावणं असू द्या, पण थोडं थोडं.
आचल

रोहणा,
६ ऑगस्ट

चि. आचलले आशीर्वाद.

वाचून जरा बरं वाटलं. नव्या जागी दूध उतू गेलं, शुभच झालं. बाबा म्हणतात ओट्स घोड्याले चारतात. मी म्हटलं, घोडा कधी आजारी पाह्यला काय तुम्ही? तर पेपरात तोंड घातलं.

पलास्टिकात गरम करू नको. आपला जाड बुडाचा स्टीलचा वाडगा पाठवला, बाबाचं नाव-गाव कोरलेला. तुह्यासाठी घेतलेली नवी भांडी पेटीत आहेत, पण त्याच्यावर नाव लग्नात टाकायचं, म्हणून ती नाई देत.

जीव लावून खाजो.
तुही आई

वर्धा,
२० ऑगस्ट

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आई, घोटाळा झाला. तुझा वाडगा मी मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. चटचट ठिणग्या उडाल्या आणि मजल्यावरची लाईट गेली! त्यात स्टील चालत नाही, हे मला कुठं माहीत? आपल्या घरी चांगलं भांडं म्हणजे स्टीलचंच.

आमच्या वॉर्डन रीतामॅडमनी वाडगा उलटा करून बाबांचं नाव, गाव वाचलं आणि रोहण्याची कोण म्हणून विचारलं. मी पुढं झाले. त्यांनी बाबांना फोन लावला.

बाबा तुला बैलांच्या झुली आणायला आर्वीला जातो म्हणाले ना? ते फोन येताच इथं आले होते, माझं सामान न्यायला रिकामी पिशवी घेऊन! घरून चहासुद्धा न घेता निघाले होते. मी रडत रडत सपनाच्या वाटीत त्यांना ओट्स करून दिले. आधी वास घेतला. मग बोटानं वाटी निपटून म्हणाले की घोड्याचं नशीब चांगलं आहे. नंतर मला खिडकीशी नेऊन पापणी खाली ओढून डोळे पाहिले. रिकामी पिशवी तशीच घेऊन गेले.

आई, त्यांनी काय ठरवलं गं? पोळा परवावर आला. आज मी ओट्सही केले नाहीत. मला इथंच राहायचं आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
आचल

रोहणा,
२४ ऑगस्ट

चि. आचलले आईचे पोत्यानं आशीर्वाद.

जेव बाई आता सुखानं! मलेही दोन दिवस अन्न गोड लागलं नाई. झुली घेऊन आले, पण माणूस तोंडच उघडेना. पोळ्याच्या दिवशी जेवताना भूपेंद्रमामानं स्थळाचं काढलं, तवा पुरणपोळी मोडता मोडता म्हणाले की ते खिशातच राहू दे, पोरीचे डोळे पांढरेशुभ्र आहेत, स्वतःचं करून खाते अन् बापालेही खाऊ घालते, तिचं शिक्षण होऊ दे. मी सयपाकघरात जाऊन रडून घेतलं.

सोबत चिनी मातीचा वाडगा पाठवला. झुलीसंगं बाबानंच आणला. त्याच्यावर नाव कोरता येत नाई म्हणे, फुटते. तर शेजारच्या आकांक्षाचं नेलपॉलिश मागून चष्मा लावून बसले. उलटा करून पाह्यजो, 'कु. आचल, रोहणा' लिहिलं आहे. आपल्याकडं पोरीचं नाव भांड्यावर लग्नातच पडते, तेही सासरच्या आडनावासंगं. माह्या एकाही भांड्यावर रोहण्याले येण्याआधीचं माह्यं नाव नाई.

लोभ काय मागू, तो तर पिशवीभर पाठवलाच आहे.
तुही आई

ता. क. वाडगा तारेच्या घासणीनं घासू नको. बाबानं तीनदा पुसून लिहिलं.