पंचेचाळीसवर अडकलेला खटका

सर, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्ही जिवंतपणी माझ्याबद्दल कमी बोललात का?

वडगाव रासाईहून दर रविवारी जीपमध्ये कोंबून मी दौंडला तुमच्या रेल्वे क्वार्टरात यायचे, मांडीवर व्हायोलिन. तुम्ही आधी ती इंग्रजी रेकॉर्ड लावायचात, व्हायोलिन आणि पियानोचे सोनाटा. प्लेअरच्या खटक्यावर चिकटपट्टी. "हात लावायचा नाही!" सूर असे पळायचे की माझ्या बोटांना धाप लागायची. रेकॉर्डच्या सुराला मिळवायला तारा आवळायच्या, त्या तटातट तुटायच्या, आणि बोल मला. वर्षभर एकच सोनाटा घासला मी. शेवटी तुम्ही माझा हात उलटसुलट करून पाहिलात. "झेंडू तोडणारी बोटं ही. ह्यांना कुठला वेग?" दाराबाहेर आप्पा, माझे वडील, सगळं ऐकत उभे. परत जाताना एवढंच म्हणाले, "सर म्हंत्यात तर आसंल. त्यांला कळतं." व्हायोलिन मी पुन्हा उघडलं नाही.

कळतं! डोंबलाचं कळत होतं!

परवा कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर तीच रेकॉर्ड सापडली. कव्हरवर तोच टकला व्हायोलिनवाला, तीच पियानोवाली बाई. लावली, तर हे संथ! वाटलं, रेंज गेली. दोनदा बंद करून लावली, मग डोक्यात उजेड पडला. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची, आणि तुमचा वेगाचा खटका पंचेचाळीसवर अडकलेला, वर चिकटपट्टी! सगळं संगीत कोळून प्यायल्याचा आव, आणि पियानो खेळण्यातल्यासारखा टिणटिणतोय हे कानाला कळू नये? शिष्टपणा तेवढा सुरात होता तुमचा. माझी बोटं डब्याच्या पिशवीवर आपोआप पडत होती, एक जागा चुकली नाही. ह्याच वेगानं मी तेव्हा वाजवत होते, सर, आणि तुम्ही मला घरी पाठवलंत. रडूच आलं. शेजारची म्हणाली, "काय झालं वो ताई?" म्हटलं, "काय न्हाई. एक येडा माणूस आठवला."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तो खरा, संथ सोनाटा मला पुढं ऐकवेना. मोबाईलवर वेग सव्वापट केला, आणि शिरूर येईपर्यंत डोळे मिटून ऐकत बसले.